धुराआधी कोळशाची भुकटी

लातूरबाहेर दवाखान्यांचा कचरा जाळायची एक भट्टी आहे. रेणापूरकडची राजकन्या नावाची मुलगी आयटीआय करून चार वर्षांपूर्वी तिथं लागली. धुराच्या नळीत कोळशाची खास भुकटी सोडणारं यंत्र तिच्या ताब्यात. कचऱ्यातलं प्लास्टिक जळताना डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. भुकटीच्या कणांना बारीक छिद्रं असतात, त्यांना ते चिकटतं आणि पुढं कापडी गाळणीत अडकतं. भुकटी नसली, तर ते चिमणीतून गवतावर बसतं, तिथून जनावरांच्या दुधात उतरतं.

कुंपणापलीकडेच रुक्मिणबाईंच्या तीन म्हशी चरायच्या. त्यांच्याच दुधाचा चहा रुक्मिणबाई भट्टीवरच्या माणसांना द्यायच्या.

गेल्या श्रावणात भुकटीला ओल लागली, गोळे झाले आणि यंत्र अडकलं. दारात कचऱ्याच्या दोन गाड्या उभ्या. सुपरवायझर मल्लिनाथ म्हणाले, "राजकन्याबाई, आजचा दिवस तसंच जाळू. धूर काही काळा निघत न्हाई. कुणाला कळणार हाय?"

"कुणाला कळणार न्हाई, म्हणूनच नको साहेब," ती म्हणाली. नोकरीची धास्ती होतीच. तरी भट्टी पेटवायची नाही, असं तिनं रजिस्टरात लिहिलं आणि खाली सही केली.

मल्लिनाथ रागानं बाहेर गेले, कुंपणाशी जाऊन थांबले. पलीकडे रुक्मिणबाई म्हशीच्या मानेवरून हात फिरवत तिच्याशी काहीबाही बोलत होत्या. मल्लिनाथ बराच वेळ बघत राहिले. मग बाह्या दुमडत परत आले.

"पाना द्या इकडं."

दोघांनी यंत्र खोललं, एकेक गोळा खरवडून काढला. गाड्यांच्या वासाची तक्रार घेऊन रुक्मिणबाई आल्या आणि दोघांची काळीकुट्ट तोंडं बघून हसतच सुटल्या. "अगं बया! हे काय करायलाव?"

राजकन्येनं सगळं सांगितलं. रुक्मिणबाईंचं हसू थांबलं. त्यांनी पदराचं टोक भिजवून तिचं तोंड पुसलं, लेकीचं पुसावं तसं.

"माझ्या म्हशींपायी येवढं, पोरी?"

"म्हशींपायी, मावशी. अन् तुमच्या चहापायी बी."

तिसऱ्या प्रहरी यंत्र फिरू लागलं, कोरडी भुकटी नळीत गेली, मगच कचरा आत गेला.

आता भुकटीची पोती फळ्यांवर, पत्र्याच्या बंद खोलीत असतात. भट्टी सुरू करण्याआधी मल्लिनाथ तिच्याकडे वळून विचारतात, "पेटवू का?" राजकन्येला अजून त्याचा संकोच वाटतो. ती भुकटी चिमटीत चोळून बघते आणि मान हलवते.