चिनी डॉक्टरांना कोण बघणार?

उभ्या कोल्हापुराला खुर्चीत बसवून ज्यांनी दात काढले, ते आमच्या गल्लीतले चिनी डॉक्टर स्वतः मात्र जन्मात कधी एका जागी बसले नाहीत. वडील चीनहून आलेले, हे जन्मले-वाढले इथंच. तोंडावळा चिनी आणि जीभ आमच्या गल्लीची. ऐंशी ओलांडली, बायको गेली, दवाखाना बंद झाला, मुलगी कॅनडाला. तरी पायाची भिंगरी काही थांबेना. मयतीला गेले तरी चार माणसांची तोंडं तपासून येतात. "आ कर. दाढ सडलीया की रं! रडायचं मागनं." गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं त्यांना जेवणाचा डबा देतात. डबा रिकामा परत करणं आपल्याकडं बरं दिसत नाही, त्यांच्याकडं तर त्याहून नाही. म्हणून हे या वयात मोदकासारखं, पण तिखटमिठाचं काहीतरी उकडतात आणि डबे भरून घरोघरी पळतात. जैन वहिनींचा डबा वेगळ्या पातेल्यातला, कांदा-लसूण वगळून. तिथं चूक नाही.

हीच पळापळ नडली. वहिनींच्या जिन्यावरून घसरले, हात मोडला. मुलगी आली ती न्यायलाच. "काका, इथं बाबांना कोण बघणार?"

"मी हाय की!" चौथीपुढं शाळा बघितली नाही मी, पण दिलेला शब्द कधी मोडला नाही.

डॉक्टर प्लास्टरातला हात नाचवत खोलीभर फेऱ्या मारायला लागले. "ह्यो? ह्याला चक्कर येती, गोळ्या चुकवतोय. ह्याच्या पोरानं पुण्यास्नं मलाच सांगून ठेवलंय, बाबांवर लक्ष ठेवा म्हणून. मी गेलो तर ह्या मिस्त्रीला बघणार कोण?"

माझं डोस्कंच फिरलं. "अवो, तुमच्या पोरीनं कॅनडास्नं मला कवाच नेमलंय, तुमच्यावर! व्हय का न्हाय गं?"

पोरगी दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली आणि हसता हसता रडायला लागली.

गेली एकटीच. पुढच्या खेपेला मात्र ऐकणार नाही म्हणाली, आणि ते खरं असणार. आता संध्याकाळी रंकाळ्यावर मी त्यांच्या कोपराला धरतो, ते माझ्या. लोकांना वाटतं, एक म्हातारा दुसऱ्याला सांभाळतोय. कोण कुणाला, ते आमचं अजून भांडणात आहे. वरून विमान गेलं, की डॉक्टर मान वर करून उभे राहतात, ते दिसेनासं होईपर्यंत. मी पाण्याकडं बघतो. मग म्हणतो, "चला की डॉक्टर, गार वारं सुटलंय."