हिरव्या गाडीची निरोपाची फेरी

मोठी चादर पिळायला दोन माणसं लागतात, आणि सकाळच्या वेळी आमच्या घरात दुसरं माणूस म्हणजे सासूबाई. परवा चादरीचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं माझ्या. पिळणं अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात खालच्या चढावरून घोगरा, भरदार असा आवाज आला. मी हातातलं टोक सोडलं आणि ओल्या हातांनी गॅलरीत धावले. सगळा पीळ उलगडून पाणी सासूबाईंच्या पायावर.

"आली वाटतं सवत!" त्या आतून ओरडल्या.

आमचे हे गाड्या विकतात. जुन्या गाड्या म्हटलं की लोकांना भंगार आठवतं, म्हणून सांगते. ह्या गाड्या लांब नाकाच्या, जमिनीला टेकलेल्या, दोनच माणसं बसतील अशा असतात. एकेकाळी शर्यतीत पळालेल्या, नाहीतर कुणी हौशी माणसाने आयुष्यभर जिवापाड जपलेल्या. मोठ्या काचेच्या दुकानात त्या ओळीने उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या पोटाखाली एक पत्र्याचा ट्रे ठेवलेला असतो, तान्ह्या बाळाखाली दुपटं घालावं तसा. म्हाताऱ्या गाड्या तेल गाळतात, आणि दुकानातली फरशी पांढरी आहे.

हे तिथे गाड्या धुवायला म्हणून लागले. मऊ जुन्या कापडाने पुसायचं काम. त्या कापडापायी घरातल्या एकाही बनियनला म्हातारपण म्हणून कधी लाभलं नाही. नवी चादर आणली तरी हे बोटांनी चाचपून विचारतात, "ही कधी जुनी होईल गं?" पुसता पुसता त्यांना प्रत्येक गाडीची खोड कळायला लागली, आणि खोड विचारायला गिऱ्हाईक त्यांच्याकडेच यायला लागलं, तेव्हा जुन्या मालकांनी हातातलं फडकं काढून घेऊन त्यांना विक्रीला उभं केलं. फडकं ह्यांनी अजून सोडलेलं नाही. विकण्याची पद्धतही त्यांची त्यांचीच. आधी गाडीची खोड सांगायची, मग रूप. पहिला गिअर रुसतो, डावं दार उचलून लावावं लागतं, थंडीत दहा वेळा विनवणी केल्याशिवाय ही उठत नाही. सासूबाई म्हणतात, "माझ्या लग्नात ह्याला बोलावलं असतं तर लग्नच मोडलं असतं."

आणि एक रीत त्यांनीच घातली. गाडी विकली गेली, पैसे चुकते झाले, की नव्या माणसाच्या हातात किल्ली देण्याआधी जुन्या मालकाला एकदा बोलवायचं. त्याने स्वतः स्टिअरिंगचं चाक धरायचं, शेजारी हे बसणार, आणि एक फेरी मारून यायची. दुकानात सगळे तिला निरोपाची फेरी म्हणतात.

ही रीत कुठून आली ते मला सासूबाईंनी सांगितलं. माझे सासरे भाड्याची गाडी चालवायचे. एक दिवस हे शाळेतून आले तर दारासमोर गाडी नव्हती, नुसता तेलाचा डाग होता. अडचण होती, गाडी विकली होती. सासूबाई राख घेऊन डाग घासायला गेल्या, तर हे दप्तरासकट त्या डागावर बसून राहिले. जेवायला उठवलं तरी उठेनात. ह्यांनी स्वतः मला यातलं अवाक्षर कधी सांगितलं नाही. मी पण विचारलेलं नाही.

फेरीचा रस्ता ह्यांनीच आखला. बाजाराला वळसा घालून, आमच्या घराखालच्या चढावरून परत दुकानात. घराखालून का, तर मला दिसावी म्हणून. "गाडी आपल्या दारात उभी राहणार नाही," ते एकदा म्हणाले होते, "पण दारावरून तर जाईल." इतक्या वर्षांत कितीतरी रंग माझ्या डोळ्यांखालून गेले. मी वरून हात जोडते आणि मनात म्हणते, देवा, जिथे जाईल तिथे ती जपली जावो. घेणाऱ्यालाही सुख दे, देणाऱ्यालाही.

जुने मालक गेले आणि त्यांची मुलगी दुकान बघायला लागली. पोर हुशार आहे, कष्टाळू आहे, पण तिला ह्या फेरीची धास्ती. महिन्यापूर्वी तिने ह्यांना केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं, "काका, विकलेली गाडी रस्त्यावर आणि चाक म्हाताऱ्या माणसाच्या हातात. काही झालं तर विमावाले मला हसतील. तुम्ही शेजारी बसता म्हणून मी गप्प आहे. पण एकदा जरी गडबड झाली, तर फेरी बंद आणि तुम्हीही घरी."

हे घरी येऊन जेवले नाहीत. ह्या वयात दुसरीकडे कोण ठेवणार, ही काळजी होतीच. पण फडकं आणि गाड्या काढून घेतल्यावर ह्या माणसाचं उरणार काय, हे मला देवालाही विचारवेना.

तर परवा मी गॅलरीतून वाकून बघितलं. खाली गर्द हिरवी, छत काढलेली गाडी. चाकाशी पांढऱ्या केसांचे गृहस्थ, शेजारी त्यांच्याच वयाच्या बाई, डोक्याला रुमाल बांधलेल्या. आमचे हे गाडीत नव्हतेच! तेवढ्यात गाडी खोकली, एक हिसका घेतला आणि आमच्या वळणावर, बरोब्बर रस्त्याच्या मध्ये, बंद पडली.

मी तशीच खाली धावले. मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. गृहस्थ म्हणजे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. बाई त्यांची बायको. बाईंना चालता येत नाही, डॉक्टरांनी आणि ह्यांनी उचलूनच गाडीत बसवलं होतं. ह्याच गाडीतून दोघं लग्नाआधी फिरायला जायची, त्यामुळे शेवटची फेरी दोघांनाच हवी होती. गाडीत जागा दोनच. ह्यांच्याने नाही म्हणवलं नाही.

"फोन कोटात राहिला आणि कोट दुकानात," डॉक्टर म्हणाले.

"आणि अक्कल?" बाई म्हणाल्या. "ती कुठल्या खिशात राहिली?"

मी ह्यांना फोन लावला. "अहो, तुमची हिरवी आपल्या वळणावर बंद पडलीय."

 पलीकडून अगदी हळू आवाज. "अगं, पेट्रोलची सुई कुठे आहे बघ."

"अर्ध्यावर."

"मेलो," हे म्हणाले. "पेट्रोल संपलं."

त्या गाडीची सुई कायमची अर्ध्यावर अडकलेली आहे. टाकी भरलेली असो की कोरडी, ती म्हणणार अर्धी. ही खोड ह्यांनी नव्या गिऱ्हाईकाला दोनदा बजावून सांगितली होती. आगीच्या भीतीने दुकानात गाड्यांच्या टाक्या जवळजवळ रिकाम्याच ठेवतात, आणि फेरीआधी हे कॅनमधून पेट्रोल घालतात. परवा सकाळी त्या सुईची काच चकचकीत पुसली, आत बघितलं, अर्धी टाकी दिसली आणि कॅन परत फळीवर ठेवून दिला. दुसऱ्या कुणाला ही चूक जमलीच नसती.

पुढचं मला बेकरीवाल्या बाईंकडून कळलं. गाडी विकत घेणाऱ्या त्याच. किल्ली घ्यायला येऊन दुकानात बसल्या होत्या. हे सरळ मालकिणीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शेजारी मी बसलो नाही आणि पेट्रोलही घातलं नाही. चूक माझी. आधी त्या दोघांना घेऊन येतो, मग तुम्ही म्हणाल तसं."

 मालकिणीने टेबलाकडे बोट केलं. ह्यांनी कमरेचा दुकानाच्या चाव्यांचा जुडगा सोडवून टेबलावर ठेवला आणि कॅन घेऊन निघाले.

"थांबा, मी पण येते," बेकरीवाल्या बाई उठल्या. "माझी गाडी आहे ना ती?"

"अजून किल्ली दिलेली नाही," मालकीण म्हणाली.

"म्हणूनच तर बघून येते."

इकडे आम्ही शेजाऱ्यांच्या मदतीने गाडी ढकलून कडेला घेतली. ऊन चढत होतं आणि बाईंना आत उचलून न्यायला त्या तयार होईनात. "गाडी सोडून मी कुठे जाणार नाही, आज तर नाहीच नाही." तेवढ्यात वरून आवाज आला. सासूबाई गॅलरीत ओली चादर घेऊन उभ्या. "हिला कुणी पिळणार नसेल तर घे, त्यांच्या डोक्यावर धर!" आणि टाकली वरून. मग आमच्या गॅलरीच्या गजापासून समोरच्या झाडापर्यंत ती फुलाफुलांची चादर बांधली, आणि खाली गारव्याला ते दोघं. मी चहा आणला. कप टेकायला हात गाडीच्या पुढच्या भागाकडे गेला मात्र—

"रंगावर नाही!" दोघंही एकदम ओरडले.

हे पोहोचले तेव्हा असं दृश्य होतं. स्कूटरवर पुढे हे, मागे मांडीवर पेट्रोलचा कॅन घेऊन बेकरीवाल्या बाई. ह्यांचा चेहरा उतरलेला. पण बाई चादर, चहा आणि चादरीखालचे दोन म्हातारे बघून इतक्या हसल्या की त्यांना स्कूटरवरून उतरता येईना.

"माफ करा डॉक्टर," हे म्हणाले. "सुईवर विश्वास ठेवला."

"ती आमच्या लग्नाआधीपासून खोटं बोलते," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर आमची पट्टी..." आणि ते बायकोकडे बघायला लागले.

बाईंनी पर्स उघडली. आतून लाकडाची एक लांब, गुळगुळीत पट्टी काढली, कडेला खाचा पाडलेली. टाकीचं झाकण काढायचं, पट्टी आत बुडवायची, आणि जिथपर्यंत ओली होईल ती खाच वाचायची. डॉक्टरांनी ती लग्नानंतर मोडक्या खुर्चीच्या पायापासून तासून केली होती. गाडीसोबत ती कायम सीटखाली असायची.

"विकायला आणली त्या दिवशी मी काढून घेतली," बाई म्हणाल्या. "म्हटलं, गाडी जाईल, ही तरी राहील. सांगायचं राहून गेलं. म्हणजे खरं तर सांगितलंच नाही."

मग ती पट्टी त्यांनी बेकरीवाल्या बाईंच्या हातात दिली. "घ्या. हिच्याशिवाय ती तुम्हाला दर आठवड्याला चढावर उभी करेल. आणि दरवेळी चहा देणारं घर खाली असेलच असं नाही."

बेकरीवाल्या बाईंनी पट्टी उलटसुलट करून बघितली. खाचांवरून बोट फिरवलं. मग बाजूला जाऊन मालकिणीला फोन केला, पण इतक्या मोठ्या आवाजात की सगळ्या गल्लीने ऐकावं. "हो, गाडी मला हवीच आहे. पण एक अट. कधीतरी मलाही ती विकावी लागेल. त्या दिवशी मला ही फेरी मिळाली पाहिजे, आणि ह्याच काकांनी बोलवायला पाहिजे. तेवढं कबूल असेल तर किल्ली तयार ठेवा."

टाकीत पेट्रोल घालून परत जाताना चाक बेकरीवाल्या बाईंनी धरलं आणि शेजारी डॉक्टरीणबाई बसल्या. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, चढावर किती लाड करायचे, सगळं सांगत होत्या. मागून आमच्या ह्यांच्या स्कूटरवर डॉक्टर, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून. डॉक्टर डोळे पुसत होते की वाऱ्याने पाणी येत होतं, ते गॅलरीत परतलेल्या मला वरून सांगता आलं नाही. मी हात जोडले. मागायचं काही सुचलंच नाही, नुसतं बरं झालं रे देवा, एवढंच तोंडून निघालं.

दुकानात मालकीण दारातच उभी होती. ह्यांनी मान खाली घालून टेबलापर्यंत जावं की बाहेरूनच घरी यावं, असा विचार केला म्हणे. तीच म्हणाली, "काका, ह्या चाव्या कुणाच्या? माझं टेबल अडलंय." ह्यांनी चाव्या उचलल्या. ती पुढे म्हणाली, "आणि शेजारी जागा नसेल तर स्कूटरवरून मागे मागे जायचं. पेट्रोलचं आजपासून मी बघणार. तुमच्या भरवशावर नाही."

संध्याकाळी हे घरी आले, हातपाय धुतले आणि माझ्या शेजारी देवापुढे उभे राहिले. एरवी म्हणतात, तू आहेस ना, दोघांचं सांग. परवा स्वतः उभे राहिले, बराच वेळ. काय सांगितलं ते त्यांचं त्यांना. मी मात्र त्या खोट्या सुईचेसुद्धा आभार मानले. ती खरी असती तर डॉक्टर आणि बाई दोन मिनिटांत माझ्या डोळ्यांखालून निघून गेले असते, आणि मला वरून नुसता एक हिरवा रंग दिसला असता.

चादरीला झाडाचा चीक लागला, निघाला नाही. हे खूश. "झाली एकदाची जुनी," म्हणत घडी करून घेऊनही गेले.

काल दुपारी जेवताना मात्र भात नुसता चिवडत होते. मी विचारलं तर म्हणाले, "पट्टी दिल्यावर बाई घरी जाईपर्यंत दोनदा पर्समध्ये हात घालत होत्या. काही काढायचं नव्हतं, नुसतं चाचपत होत्या." म्हणून जेवण झाल्यावर त्यांनी बेकरीत जाऊन ती पट्टी कागदावर ठेवून खाचांसकट आखून आणली आहे. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी ते सुताराकडे जाणार आहेत, डॉक्टरीणबाईंसाठी तशीच दुसरी पट्टी करून घ्यायला.