कोऱ्या कोपऱ्याची चिठ्ठी

काका जळत होते. आडवळणानं कशाला सांगायचं? नव्या मुलीचं नाव निघालं तरी त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बंदराच्या कचेरीत उपग्रहाच्या रडारची चित्रं वाचायची, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. त्या रडारची एक खोड आहे. चालतं जहाज तो खऱ्या जागी दाखवतच नाही! फेसाची रेघ एकीकडे आणि जहाज भलतीकडेच चमकत बसतं. काका भिंग लावून ते मनातल्या मनात रेघेच्या टोकाशी आणायचे, जागा चिठ्ठीवर लिहायचे आणि कोपऱ्यात फुली मारायचे, म्हणजे जहाज सरकवून झालंय. फुली नसली, तर पुढच्यानं जहाज सरकवायचं.

पुढची म्हणजे ही मुलगी. गणितानं चुटकीसरशी सरकवायची. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, जरा हिच्याकडून शिका!" झालं! त्यात मुख्य वाचकाची खुर्ची महिन्याभरात रिकामी होणार होती. ती आपल्या हातून जाणार, या विचारानं काकांना घास गोड लागेना.

अशात एका सकाळी बंदराकडे येणाऱ्या एका जहाजावरून निरोप आला: खलाशी पोटदुखीनं तळमळतोय, डॉक्टर पाठवा. मग वायरलेसच बंद पडला. बाहेर दाट धुकं. काकांनी जागा काढली, चिठ्ठी लिहिली. पेन्सिल कोपऱ्यापाशी गेली आणि थांबली. एवढी हुशार आहे ना, ओळखू दे की!

फुली नाही म्हणून तिनं जहाज पुन्हा सरकवलं. डॉक्टरांची लाँच तीन तास रिकामं पाणी धुंडाळत राहिली. खलाशी वाचला, पण अगदी थोडक्यात. साहेबांनी मुलीला फैलावर घेतलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली आणि काकांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. खोटं कशाला बोलू?

दुपारी ते जेवून आले, तर ती त्यांचंच भिंग घेऊन चिठ्ठीवर वाकलेली.

"काय शोधतेस?"

"तुमची फुली, काका. पुसट असेल, माझ्या नजरेतून सुटली असेल. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या बघितल्या मी. तुमची एकही फुली राहिलेली नाही."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. भिंग तिच्या हातात तसंच राहू दिलं, चिठ्ठी तेवढी काढून घेतली आणि ते साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, ती चूक तिची नाही. फुली मी मारली नाही. विसरलो नव्हतो."