रेखाला व्हिडिओ चालत होता

“काका, तुम्ही नका सांगू. तिला बोलू दे,” डॉ. मुग्धा स्क्रीनवरून म्हणाली.

बोलत मी होतो. नेहमीसारखाच. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, मनावर गावाकडे, सरकारी डॉक्टर म्हणून सगळी नोकरी केली. निवृत्तीनंतर देवासला आलो आणि टोंकखुर्दजवळ एका ट्रस्टच्या दवाखान्यात बसू लागलो. तिथे आठवड्यातून एकदा दुपारी इंदूरचे स्पेशालिस्ट व्हिडिओवर पेशंट बघतात. मुग्धा न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे नसांची डॉक्टर. माझ्या मुलीच्या वयाची.

पेशंट होती रेखा. तिशीतली सून, शेजारी सासरे. दुपारनंतर हात गळतात, पोळ्या लाटता लाटता बसते, ही तक्रार. तीही सासऱ्यांची. मी आधी तिची नखं बघून रक्त कमी आहे म्हटलं होतं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. फरक पडला नाही. घरच्यांनी तिला कामचुकार ठरवलं. आता तिला कायमचं माहेरी पाठवायचं घाटत होतं. ‘डॉक्टरसाहब को भी कुछ नहीं मिला’ असं सासरे गावभर सांगत. खरं तर मी नीट शोधलंच नव्हतं.

रेखा पदराआडून बोलू लागली. दोन वाक्यांत आवाज नाकातून येऊ लागला, मग विरला.

“पानी पीते समय ठसका लगता है?” मुग्धाने विचारलं.

मान हलली.

“चेहरा दिखाओ ज़रा.”

पदर आणखी खाली आला.

“ह्या बायकांना व्हिडिओ आवडत नाही,” मी म्हणालो. “मी मागेही सांगितलं होतं.”

“काका, तुम्ही तिला विचारलंत?”

मी टेबलावरचे केसपेपर सारखे करू लागलो.

“तुम्ही आणि बाबूजी बाहेर बसा. सिस्टर राहू दे.”

सासरे उठेनात. “अपन क्यों उठें, साहब? बहू तो हमारी है.”

“मैं भी उठ रहा हूँ न,” मी म्हणालो. तेव्हा कुठे उठले.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. आतून मुग्धाचा आवाज येत होता. “ऊपर देखती रहो. पंखे की तरफ.” थोड्या वेळाने सिस्टर आइसपॅक मागायला आली. मी लसीच्या डब्यातला काढून दिला, आणि देता देता मला आजार कळला.

ह्या आजाराला मायस्थेनिया म्हणतात. नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. सकाळी माणूस बरा असतो, जसा स्नायू वापरावा तसा तो थकतो. वर बघत राहिलं की पापण्या खाली येतात. बर्फ ठेवला की थोडा वेळ उचलल्या जातात. वेळेत उपचार नाही झाले तर गिळणं आणि श्वास दोन्ही अडू शकतात. माझी ओपीडी सकाळची. शिवाय रेखाचा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता.

“दोन्ही पापण्या वर आल्या, काका,” मुग्धाने आत बोलावून सांगितलं. “गिळायला त्रास आहे. आजच इंदूरला पाठवा.”

मी सासऱ्यांना म्हटलं, “ये आलस नहीं, बीमारी है. पहचानने में मुझसे चूक हुई.”

मी बोलणी खायच्या तयारीत होतो. त्यांनी एवढंच विचारलं, “अभी गाड़ी मिल जाएगी?”

मिळाली. इंदूरला तपासण्यांत निदान पक्कं झालं, गोळ्या सुरू झाल्या. पुढे रेखा व्हिडिओवर दाखवायला आली ती चांगली खणखणीत बोलत. माहेरी गेली होती, पण राखीला, आणि परत आली. मला किती हलकं वाटलं ते मी तिला सांगितलं नाही. दारातूनच विचारलं, “वीडियो ठीक है, कि इंदौर जाओगी?”

“वीडियो चोखो है. इंदौर में तो पूरो दिन जाय,” ती पदराआडून म्हणाली. “बस आप लोग बाहर बैठो.”

त्याच दिवशी मी ट्रस्टच्या मॅनेजरला फोन केला. बायका येत नाहीत म्हणून व्हिडिओची वेळ बंद करायचं त्याच्या मनात होतं.

“सर, आपने ही तो कहा था, लेडीज़ को वीडियो नहीं चाहिए.”

“मैंने कहा था. उनसे पूछा नहीं था.”

“तो बंद नहीं करें?”

“बिल्कुल नहीं. बस मेरी कुर्सी बाहर लगवा दो.”

पेशंटचं मत हवं असेल तर तिच्या वतीने उत्तर देणाऱ्यांना आधी बाहेर काढावं. सुरुवात डॉक्टरपासून करावी.