वास सुटला की उतरवा

आमच्या भावोजींना सगळी वस्ती 'नाकवाले' म्हणते. ताईशी लग्न झालं तेव्हा ते नुसते शेगडीवाले होते. गॅसच्या शेगड्या, बर्नर, रेग्युलेटर, नळ्या दुरुस्त करायचे, अजूनही तेच करतात. नाकवाले ते पुढे झाले, आणि त्या नावाला खतपाणी त्यांनी स्वतःच घातलं, हे मी मेहुणी म्हणून ठामपणे सांगते. कुणाकडे गॅस गळतोय म्हणून बोलावणं आलं की हे लगेच आत जायचे नाहीत. दारात थांबायचे, डोळे मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "डावीकडचं बटण." आणि गळती खरोखर डावीकडच्या बटणालाच निघायची.

बाकीचे कारागीर सांध्यावर साबणाचा फेस लावून बघतात. गॅस गळत असला तर फुगा येतो, नसला तर फेस गुमान बसून राहतो. भावोजींच्या पिशवीतही साबणाच्या पाण्याची बाटली असायची, पण ती शोभेला. साबण हा नाक नसलेल्यांसाठी, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. जिन्यात गाठ पडली की विचारायचे, "काय मेहुणीबाई, आज दूध करपलं वाटतं?" मी खिडक्या उघडून, भांडं घासून पालथं घातलेलं असायचं, तरी यांना कळायचं. चांगलं फैलावर घ्यावं असं वाटायचं, पण दूध करपलेलं असायचं हेही खरं.

गेल्या थंडीत त्यांना सणसणीत ताप आला. ताप गेला, सर्दी गेली, आणि मागे राहिली ती जेवणाबद्दलची कुरकुर. कशात दम नाही, सगळं पाणचट लागतं, असं म्हणत ते तिखटाची बरणी ताटाशेजारी घेऊन बसायला लागले. ताईच्या हाताला चव आहे हे आमच्या माहेरात कुणी वाद न घालता मानतं. तिने आधी मसाला बदलला, मग तेल बदललं, मग दुकान बदललं. एकदा वाटी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "खाऊन बघ आणि खरं सांग." मी म्हटलं, छान झालंय.

"तू बहीण आहेस, तू असंच म्हणणार," ती म्हणाली. "त्यांचं नाक खोटं बोलत नाही. माझाच हात गेला गं."

मला भयंकर राग आला. माणसाने बायकोच्या जेवणाला नावं ठेवावीत, पण तिचा स्वतःवरचा विश्वास उडेपर्यंत? त्यांना खडसावायचं मी ठरवलंही, पण ते दिवसेंदिवस इतके गप्प होत चालले होते की खडसावायला तोंडच सापडेना.

शेवटी एका रविवारी सकाळी ताईने संप पुकारला. "माझ्या हाताला चव उरली नाही ना, मग आज तुम्हीच करा," असं म्हणून ती पिशवी घेऊन बाजारात निघून गेली. भावोजींना आयतंच निमित्त मिळालं. त्यांची लेक मलेशियात नोकरीला आहे. बाबांना हल्ली तिखट लागतं हे ऐकून तिने एका मैत्रिणीबरोबर लाक्साचं सगळं सामान पाठवलं होतं. लाक्सा म्हणजे तिकडच्या झणझणीत रश्श्यातल्या नूडल्स. पुडक्यात तांदळाच्या नूडल्स होत्या, सुक्या लाल मिरच्या होत्या, नारळाच्या दुधाचे डबे होते, आणि कोळंबी आंबवून वाळवलेली एक काळपट वडी होती, प्लास्टिकमध्ये पुन्हा पुन्हा गुंडाळलेली. कृती तिने फोनवर सांगितली. नूडल्स भिजत घाला, मिरच्या वाटा, आणि वडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तव्यावर मंद आचेवर भाजा.

"वास सुटला की उतरवा, बाबा," ती म्हणाली होती. "त्यापुढे थांबू नका."

भावोजींनी पेराएवढा तुकडा न घेता अर्धी वडी तव्यावर ठेवली, कारण थोड्याशाने त्यांना हल्ली काही लागतच नव्हतं. वरचा पंखा लावला, दार लोटलं आणि वास सुटायची वाट बघत उभे राहिले.

मी खाली कपड्यांच्या घड्या घालत होते. आधी वाटलं, कुणीतरी ओले मोजे तव्यावर वाळत घातलेत. मग वाटलं, उंदीर मेला, आणि एकटा नाही, सहकुटुंब मेला. बाहेर आले तर जिन्यात सगळी इमारत जमलेली. समोरचे बँकवाले नाकाला रुमाल लावून उभे. शिंपीणबाईंचं म्हणणं, गॅसच आहे, आता उडतो आपण सगळे. कुणीतरी म्हणालं, घरात नाकवाले असताना आपण कशाला डोकं चालवायचं? आणि वरात वर गेली.

भावोजींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात उलथनं होतं आणि मिरच्यांनी डोळे लाल झाले होते. दार उघडताच असा भपकारा आला की बँकवाले एक पायरी खाली उतरले. भावोजींनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"गॅस नाही," ते म्हणाले. "गटार आहे. मागचं चेंबर तुंबलंय."

वास तुमच्याच घरातून येतोय, असं एकानेही म्हटलं नाही. सगळे मुकाट्याने त्यांच्यामागून खाली निघाले, आणि चार पायऱ्या मीसुद्धा उतरले, याची मला आजही चीड येते. मागच्या अंगणात पुरुषमंडळींनी पहार लावून चेंबरचं झाकण उचललं. खाली पाणी छान वाहत होतं. "हे बघा, इथूनच," भावोजी म्हणाले. बँकवाल्यांनी वाकून वास घेतला आणि मान डोलावली. "हो हो, इथूनच."

मी मात्र जिन्यातूनच परत फिरले होते. माझं नाक काही नावाजलेलं नाही, पण चालतं. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता, तव्यावर वडीचा कोळसा झाला होता आणि खाली आच तशीच होती. मी गॅस बंद केला आणि खिडकीतून खाली ओरडले, "भावोजी, गटार झाका. तुमचा तवा जळतोय."

सगळ्यांनी वर बघितलं आणि एकच हशा पिकला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," शिंपीणबाई म्हणाल्या. भावोजीही हसले. "सर्दी झालीय जरा," असं काहीतरी म्हणाले. मीही हसत होते, ते वर येईपर्यंत.

ते आत आले आणि सरळ तव्याकडे गेले. नाक टेकेल इतके खाली वाकले. श्वास घेतला, परत घेतला. मग ताठ उभे राहून माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "फार येतोय का गं वास?"

माझं हसू तिथेच विरलं. मी विचारलं, "तुम्हाला येत नाही?"

त्यांनी नळ सोडला, हात धुतले, बंद केला, परत सोडला. "त्या तापापासून नाही. तिखट तेवढं झोंबतं, म्हणून कळतं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"डॉक्टर पहिलं विचारणार, काम काय करता."

"आणि लोकांच्या घरी? साबण लावून बघता ना?"

"एकदा काढली बाटली," ते म्हणाले. "तो माणूस म्हणाला, काय नाकवाले, आज साबण? मी परत ठेवून दिली. मग दारात उभा राहतो, श्वास घेतो. बटणं फिरवून बघतो, नळी ओढून बघतो. आणि सांगतो ठीक आहे."

मग जे तोंडाला येईल ते मी बोलले. बोलता बोलता विचारलं, "लाज नाही वाटत?"

"वाटते ना," ते म्हणाले. "म्हणून तर सांगितलं नाही कुणाला."

ताई दारात उभी होती. बाजाराची पिशवी अजून हातातच होती. किती ऐकलं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं. मला वाटलं ती आता गॅसबद्दल बोलेल. तिने पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे माझ्या हाताला काही झालं नव्हतं?"

"नाही," भावोजी म्हणाले.

"मी दुकानं बदलत होते. तुम्ही बघत होतात."

"हो."

"आणि तुम्ही मला बदलू दिलीत."

त्यांची मान इतकी खाली गेली होती की हनुवटी छातीला टेकली. ताई रडली नाही, आवाजही चढवला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तिने त्यांच्या कामाच्या पिशवीतून ती बाटली काढली. आतलं पाणी जुनं होऊन तळाशी साका बसला होता. ते ओतून तिने साबणाचं ताजं पाणी भरलं आणि बूच लावलं.

"चला," ती म्हणाली. "तापानंतर ज्यांच्या ज्यांच्याकडे गेलात, त्या सगळ्यांकडे."

"आपण असं करू," भावोजी घाईने म्हणाले, "फुकट तपासणी आहे असं सांगू."

"खरं सांगायचं."

मीही निघाले. भावोजी खरं बोलतील यावर माझा विश्वास नव्हता, आणि ताईला एकटं सोडवेना.

पहिल्या घरी ते हवापाण्याबद्दल बोलले, बर्नरच्या नव्या जातींबद्दल बोलले, मालकाच्या गुडघ्याची चौकशी केली. ताई नुसती बघत राहिली. शेवटी भावोजी कान लाल होऊन म्हणाले, "मला वास येत नाही. मागच्या वेळी मी अंदाजाने ठीक म्हणालो. परत बघू द्या." मालक म्हणाले, चालायचंच, वयाचं आहे. फेस गुमान बसला. पुढच्या घरातल्या आजी म्हणाल्या, मग यापुढे आम्ही दुसरा माणूस बघू. "बघा, बरोबर आहे," भावोजी म्हणाले. तिथेही काही निघालं नाही. दर घरी ते वाक्य जरा लवकर बाहेर यायला लागलं, आणि मला वाटलं, सुटला हा माणूस, स्वस्तात सुटला.

मग आम्ही पाळणाघरात गेलो.

एक बाई आपल्या दोन खोल्यांत ते चालवतात. रविवार म्हणून मुलं नव्हती. छोट्या गाद्या उन्हात टाकल्या होत्या, भिंतीवर खुंट्यांची रांग होती, प्रत्येक खुंटीवर एकेका प्राण्याचं चित्र. वारा गार होता तरी झाडून सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. भावोजींनी आपलं वाक्य म्हटलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

ओट्यामागे नळी जिथे शेगडीला मिळते, तिथे त्यांनी फेस लावला. मिरीच्या दाण्याएवढा फुगा आला. मोठा झाला, फुटला. त्याच जागी दुसरा आला.

"मला येत होता वास," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तुम्हाला बोलावून घेतलं होतं. तुम्ही दारात उभे राहिलात आणि म्हणालात, वासबिस काही नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत. मी म्हटलं, नाकवाले सांगतायत म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय. तरी मन ऐकेना, म्हणून खिडक्या उघड्या ठेवते. मुलांच्या आया विचारतात, एवढ्या गारठ्यात खिडक्या का उघड्या? मी त्यांना सांगते, मला मेलीला भास होतात."

भावोजी होते तिथेच फरशीवर बसले. त्यांनी एकदा ताईकडे बघितलं. ताईने नजर वळवली नाही, आणि शेवटी त्यांनाच वळवावी लागली. माझ्यापाशी शिव्यांची कमतरता नव्हती, पण बसलेल्या त्या माणसाला देण्यासारखी त्यात एकही नव्हती.

मग ते उठले. सिलिंडर बंद केला, जुनी नळी काढली, नवी बसवली, पट्टी आवळली, सिलिंडर उघडून फेस लावला. फेस हलला नाही. मी वाट बघत होते, आता म्हणतील, ठीक आहे. ते बाजूला सरकले.

"बाई, तुम्ही वास घेऊन बघा," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

बाई वाकल्या, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. "नाही येत आता."

"नक्की?"

"नक्की."

"तुम्ही म्हणताय म्हणजे नाहीच," भावोजी म्हणाले, आणि पिशवी आवरायला लागले.

घरी आलो तेव्हा नूडल्स पाण्यात फुगून त्यांचा लगदा झाला होता. टाकायचं काही नाही, असं म्हणून ताई ओट्याशी उभी राहिली. उरलेल्या वडीतला पेराएवढा तुकडा तिने तव्यावर ठेवला. भावोजी तिच्या शेजारी उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "सुटला?"

"उतरवा," ताई म्हणाली.

वाटलेल्या मिरच्या परतल्या, नारळाचं दूध पडलं, रस्सा लालभडक झाला. आम्ही तिघं नाक-डोळे पुसत जेवायला बसलो. ताईने सवयीने विचारलं, "कसं झालंय?"

भावोजींच्या तोंडी एरवी उत्तर तयार असायचं. त्यांनी चमचा वाटीत ठेवला.

"तिखट आहे," ते खाली बघत म्हणाले. "बाकीचं मला कळत नाही. तू सांग."

ताईने एक घोट घेतला, तोंडात घोळवला. "चांगला झालाय," ती म्हणाली, आणि या खेपेला तिने वाटी माझ्यापुढे केली नाही.