उलटं पातेलं

अमेरिकेत नेवार्कच्या विमानतळावर ताईने मला मिठी मारली, तेव्हा तिच्या जॅकेटला फोडणीचा वास येत होता. जन्मभर डॉक्टरकी करून निवृत्त झालेली बाई, आणि वास लग्नघरच्या आचाऱ्यासारखा!

"शनिवारी समुद्रावर जायचं हं," गाडी चालवता चालवता ती म्हणाली. "वाळूच्या कडेने लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता आहे, बोर्डवॉक म्हणतात त्याला. हे होते तेव्हापासून तुला तिथे चालवायचं ठरवलंय." भावजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

ताईचं गाव पिस्कॅटवे मला पाहताक्षणीच आवडलं. घरांना कुंपणं नाहीत, अंगणात गलेलठ्ठ खारी, आणि विद्यापीठाच्या बसमधून उतरणारी आपली पोरं ओळखदेख नसताना "काकू, सांगलीच्या का तुम्ही?" म्हणून गप्पा मारायला थांबतात. दुकानात कढीपत्ता तर असा हिरवागार, की मला आमच्या मंडईची लाज वाटली.

शनिवारी मात्र समुद्र राहिला बाजूला. मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. सचिव जोशीकाकांचा फोन आला, "ताई, मसालेभात तुम्हीच करताय ना?" आणि ताई "हो हो" म्हणून मोकळी. गराजमध्ये गाडीच्या शेजारी मंडळाचं पातेलं मुक्कामाला असतं. एखादं मूल आत बसून आंघोळ करेल एवढं मोठं! पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. "प्लॅन कॅन्सल करावा लागला गं," ती म्हणाली, आणि मी भडकले.

"ताई, गुडघे धरून जिना चढतेस तू. अख्ख्या मंडळात भात शिजवणारं दुसरं कोणी नाही?"

ती तोंडली चिरत राहिली. मग हळूच म्हणाली, "भात केला नाही, तर मला फोन कोण करेल गं?"

तोंडली चिरायला मीही बसले.

रविवारी पातेलं घासून आम्ही अंगणात पालथं घातलं होतं. तेवढ्यात शेजारची नेर्मिन 'मेरजिमेक' (मसुरीचं सूप) घेऊन आली. ही तुर्की बाई इथे शाळेत इतिहास शिकवते. पातेलं बघून ती खो खो हसत सुटली. "म्युटिनी केलीत की काय?"

तिने मग सांगितलं, की सुलतानाच्या येनिचेरी शिपायांच्या प्रत्येक तुकडीचा एक मोठा हंडा असे, 'कझान'. झेंड्याइतका मान त्याला. शिपाई बिथरले की हंडा बाहेर आणून पालथा घालत. तुझं अन्न आम्हाला नको, एवढं सुलतानाला कळलं की तो राजवाड्यात घामाघूम! बंडाला 'इस्यान' असा रीतसर शब्द आहेच, पण 'कझान काल्दरमाक', म्हणजे हंडा उचलणं, असं तुर्की माणूस अजून बोलतो.

"इंग्रजीतली म्युटिनी म्हणजे जहाज आणि फौज," ताई म्हणाली. "हुकूम मोडला, आता फास. सत्तावन्नला आपल्याला इंग्रजांनी तेच नाव चिकटवलं." मला मोठी गंमत वाटली. इंग्रजी शब्द ऐकला की डोळ्यांपुढे चिडलेला कप्तान येतो, आणि या तुर्की हंड्याकडे पाहिलं की शिपाई दिसतात. काय लोक असतील! शिवी नाही, गोळी नाही, नुसतं भांडं पालथं.

ताईने सूप वाटीभर अजून मागून घेतलं.

पुढच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले. ताईने पातेलं टेबलावर ठेवलं, पालथं. जोशीकाका आले, "अरे, निथळायला ठेवलंय वाटतं" म्हणाले, आणि त्यांनी ते सुलटं करून शेजारी झारा ठेवला! लोक प्लेटा घेऊन रांगेत उभे. हसावं की रडावं मला कळेना.

ताईने पातेलं पुन्हा पालथं केलं. आवाज हॉलभर घुमला.

"भात नाहीये," ती म्हणाली. "माझे गुडघे दुखतात. मला बहिणीला समुद्र दाखवायचाय. हे बंड समजा."

शेवटी विद्यापीठातली एक मुलगी म्हणाली, "मी पिझ्झा ऑर्डर करते यार," आणि हॉलला कंठ फुटला. पातेलं जोशीकाकांच्या गाडीत गेलं.

तो आठवडाभर ताईचा फोन वाजला नाही. ती तो उशाशी घेऊन झोपायची, चार्जर तपासायची. मी स्वतःला शिव्या घातल्या. चांगली माझी ताई माणसांत होती, मीच डोक्यात खूळ भरवलं!

शनिवारी आम्ही त्या लाकडी रस्त्यावर होतो. अटलांटिक काय सुंदर आहे म्हणून सांगू! करडं, थंडगार, दांडगं पाणी. पण ताई समुद्राकडे कमी आणि पर्सकडे जास्त बघत होती. फोन वाजला तेव्हा आम्ही भाजलेली कणसं खात होतो. तिने घाईघाईने स्पीकर लावला.

"ताई, जोशी बोलतोय. आज आम्ही भात केला. खाली लागलाय, मीठही विसरलो, पण तुमचा आणि तुमच्या बहिणीचा डबा काढून ठेवलाय. येताना घेऊन जा. आणि काय हो, तुम्ही जेवलात का?"

ताईने फोन माझ्यापुढे धरला. मीच ओरडले, "कणसं खातोय!"

परतताना विमानतळावर मी तिला मिठी मारली. फोडणीचा वास नव्हता. तिच्या हातात फोन होता, आणि तो वाजला तरी ती गडबडली नाही.

"घे ना," मी म्हटलं.

"घेते गं," ती डोळे पुसत हसली. "इतकी वर्षं मंडळातले लोक काय बनवताय म्हणून विचारायचे. आता जेवलात का म्हणून विचारतात."