सावंत मास्तरांची पहिली गोळी

सावंत मास्तर माणसाला नावाने नाही, त्याच्या चुकीने हाक मारत. "ए वाकडी कानस, इकडे मर!" वाकडी कानस म्हणजे मी. अंबरनाथच्या सरकारी कारखान्यातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये कानस धरायला त्यांनीच शिकवलं, बोटांवर पोलादी पट्टी मारून. हात मात्र सोन्याचा बुवा, खोटं कशाला बोलू?

बांगलादेशच्या लढाईच्या वेळी आम्ही सैन्यासाठी नव्या कार्बाइनचा नमुना बनवत होतो. मास्तरांचा नियम असा की बंदूक ज्याने जुळवली, पहिली गोळी त्यानेच झाडायची. म्हणायचे, "आपण रांधलेलं आधी आपण खावं. बंदूक म्हणजे सून नव्हे, होईल हळूहळू सवय म्हणायला!" या वेळी जुळवणी गायकवाडकडे होती. गायकवाड माझा जोडीदार, उल्हासनगरचा, घरचे बौद्ध झालेले, नुकतंच लग्न झालेला.

ढाका पडायच्या बेतात होतं. मास्तरांना घाई झालेली. लढाई संपली की नमुन्याला कुत्रं विचारणार नव्हतं. चाचणीच्या सकाळी त्यांनी सगळे सुटे भाग पाटावर मांडून पूजा केली, एकेकाला कुंकू लावलं. आता, नापास भागावर आम्ही तांबड्या रंगाचाच ठिपका देत असू. कुंकवाखाली तो दिसणार कसा?

गायकवाडने बोल्ट, म्हणजे गोळीमागचा लोखंडी ठोकळा, उचलला आणि थबकला. "मास्तर, कालचा तडकलेला तर नाही ना हा? जरा पुसून बघतो."

"देवाचं कुंकू पुसतोस? तुम्ही सोडलेत देव, आम्ही नाही. फाटली असेल तर सांग, बांगड्या आणतो!"

बाकीचे हसले. गायकवाडने बंदूक जुळवली, खांद्याला लावली, चाप ओढला. बोल्ट फुटला आणि तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यात घुसला. संध्याकाळी रेडिओवर लढाई जिंकल्याची बातमी आली, नाक्यावर पेढे वाटले. नमुना कपाटात गेला. चौकशीत मास्तर म्हणाले, "बोल्ट त्यानेच निवडला." मी घडलं ते सांगितलं, तर साहेब म्हणतात, "जाऊ दे रे, जिंकलो ना आपण!" गायकवाडची नोकरी गेली. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

गेल्या वर्षी मास्तर वारले. मी खांदा द्यायला गेलो नाही. त्याच्या आठवडाभर आधी मात्र बदलापूरला, शिरगावात, लेकीच्या घरी त्यांना भेटून आलो होतो. नव्वदी उलटलेली, अंथरुणाला खिळलेले. म्हटलं, जाता जाता तरी दोन शब्द बोलतील. मीच विषय काढला, "मास्तर, गायकवाड आठवतो?"

"आठवतो की. उगाच बाऊ केला त्याने." लेकीने भरवलेला पेजेचा चमचा त्यांनी सावकाश गिळला. "अरे, नेम धरताना एक डोळा मिटायचाच असतो."